झटका मशीन: रानडुकराला लागू, वानराला नाही

रानडुकरांचा त्रास असेल तर सोलर झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत थांबून थांबून विजेचे ठोके सोडणारं यंत्र, जरूर घ्या, पैसे वसूल होतात. वानरांसाठी घेणार असाल तर पैसे खिशातच राहू द्या. सायाळीच्या बाबतीत अर्धं काम मशीन करतं, अर्धं आपल्याला करावं लागतं. मोर आणि वटवाघळं त्याला जुमानतच नाहीत. ज्याला एवढंच हवं होतं त्याचं काम झालं. बाकीच्यांसाठी सविस्तर लिहितो, कारण घेताना मला हे कुणी सांगितलं नव्हतं. दुकानदार तर म्हणाला होता, ‘दादा, एकदा लावा, मग मुंगीसुद्धा येणार नाही.’

माझं गाव चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला. धंदा पिठाच्या गिरणीचा, जोडीला मिरची कांडप. घरामागे चारेक गुंठ्यांचं परस आहे. त्याला लागून नाला, नाल्यापलीकडे केळी आणि मका, आणि त्याच्यामागे डोंगर. परसात बायकोचं राज्य. भरताची वांगी, मिरच्या, गवार, गिलकी, शेवगा, पपया, पेरू, लिंबू. पावसाळ्यात भुईमूग आणि थंडीत रताळी. आमच्या जळगाव जिल्ह्याच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, पण डुकराला त्याची कदर नाही. त्याला शेंगा आणि रताळी हवी असतात. ती खायला जाताना वांग्याचं झाड आडवं पडलं तर पडलं.

लोकांना वाटतं ही जनावरं रोज रात्री डोंगरातून उतरतात. तसं नाही. केळी, मका, ऊस अशी उंच दाट पिकं वर्षभर उभी असतात, खाली ठिबकचा ओलावा असतो, आणि व्यापाऱ्यानं नाकारलेल्या केळीच्या फण्या बांधावर पडलेल्या असतात. एवढी सोय असल्यावर डोंगरात जाऊन करायचं काय? डुकरं दिवसभर इथेच दडून बसतात आणि रात्री नाल्यानं फिरतात. आमच्या परसाचं मागचं तोंड नाल्याकडेच, म्हणून पहिला मुक्काम आमच्याकडे. पिल्लांसह मादी आली की भुईमुगाचा वाफा एका रात्रीत संपतो. नुसत्या शेंगा खाऊन जातील तर एक वेळ चालेल, पण सगळी माती नाकानं उलथून टाकतात.

मशीनच्या आधी गावात चालणारे सगळे उपाय करून झाले होते. सलूनमधले केस वाफ्याच्या कडेला पसरायचे: एका पावसात वास गेला आणि नंतर खुरप्याला केस गुंतायला लागले ते वेगळंच. जुन्या साड्या बांधायच्या: गावातल्या प्रत्येक शेताला साडी आहे, डुकरांना त्यांची कधीच सवय झाली. काही जण फोरेटच्या पुरचुंड्या टांगायचे, त्या उग्र वासानं जनावर येत नाही म्हणून. फोरेट हे जहाल विष, २०२० च्या अखेरीपासून देशात त्याच्यावर बंदी आहे आणि ती योग्यच आहे. घराच्या परसात, जिथून रोज भाजी खुडायची तिथे, असलं काही टांगायचं म्हणजे कमालच. पीव्हीसी पाइप आणि कार्बाइडची तोफ हा आणखी एक प्रकार. आवाज दणदणीत होतो, पण ती पेटते कधी याचा भरवसा नाही, आणि पेटली नाही म्हणून माणूस आत डोकावून बघतो. २०२५ च्या दिवाळीत डोंगरापलीकडे मध्य प्रदेशात, विशेषतः भोपाळला, या तोफांमुळे कितीतरी मुलांच्या डोळ्यांना इजा झाली. मी ती घरात येऊ दिली नाही.

कुत्र्यांचं भुंकणं रेकॉर्ड केलेला भोंगा मात्र आणला होता. पहिले काही दिवस डुकरं बिचकली. मग गल्लीतली खरी कुत्री भोंग्याला उत्तर द्यायला लागली आणि रात्रभर सवाल-जवाब चालू झाले. शेजारच्या अण्णांनी सकाळी येऊन शांतपणे विचारलं, ‘झोपायचं कधी?’ त्या दिवशी भोंगा उतरवला.

आता एक गोष्ट जरा कडक शब्दांत. घरातली लाइट थेट तारेत सोडणं हा उपाय नाही, तो गुन्हा आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपल्याच जिल्ह्यात, एरंडोल तालुक्यात, रानडुकरांसाठी शेताला लावलेल्या वीजप्रवाही तारेनं एकाच कुटुंबातली पाच माणसं गेली. तरीही ‘मी रात्रीपुरतीच सोडतो, पहाटे काढतो’ म्हणणारे माझ्या गिरणीत दळण घेऊन येतात आणि मी त्यांच्याशी दर वेळी भांडतो. आकडा टाकला असेल तर २००३ च्या वीज कायद्याखाली चोरी, जनावर मेलं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली शिकार, आणि माणूस मेला तर पुढचं सांगायलाच नको.

झटका मशीनचं तत्त्व वेगळं आहे, आणि ‘दोन्हीत करंटच ना’ असं म्हणणाऱ्यांना मी ते असं समजावतो. घरची वीज २३० व्होल्टची, पण ती अखंड वाहते. हात चिकटला की स्नायू आखडतात आणि हात सुटत नाही. झटका मशीन बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतं, आतल्या कपॅसिटरमध्ये थोडी वीज साठवतं आणि साधारण सेकंदाला एक ठोका तारेत सोडतं. त्या ठोक्याचा दाब काही हजार व्होल्ट असतो, पण तो टिकतो सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. दोन ठोक्यांच्या मध्ये स्नायू सैल पडतात, जनावर मागे हटतं. लागतं चांगलंच, मी स्वतः हात लावून बघितला आहे आणि तोंडातून जे निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण मेलो नाही. अर्थात हे धड बनवलेल्या मशीनबद्दल. अशा मशीनसाठी आयईसी ६०३३५-२-७६ हे मानक आहे. पेटीवर किंवा कागदावर त्याचा उल्लेख आहे का ते बघून घ्या. बाजारात गावठी जोडणीची, उघड्या ट्रान्सफॉर्मरची खोकीही ‘झटका’ म्हणूनच विकली जातात.

खरेदी चोपड्याच्या बाजारात, शेती साहित्याच्या दुकानातून. मशीन, बॅटरी, ४० वॉटचं पॅनल आणि सायरन मिळून साडेअकरा हजार. कुंपणाची क्लच वायर किलोवर, तार खांबाला टेकू न देणारे इन्सुलेटर नगावर, खांबांना जुने लोखंडी अँगल माझ्याकडे होतेच. सगळं धरून सोळा हजारांच्या आत भागलं. दुकानदाराचा आग्रह होता वीस एकरांचं मॉडेल घ्या म्हणून, ‘पुढे शेताला कामाला येईल’. मला शेत नाही, गिरणी आहे, हे त्याला दोनदा सांगावं लागलं. पेटीवरचा एकरांचा आकडा कोऱ्या तारेवरचा असतो, गवत टेकलेल्या तारेवरचा नाही. व्होल्टचा आकडाही मोठ्या अक्षरात छापतात, पण मशीनची खरी ताकद ज्यूलमध्ये, म्हणजे ठोक्यातल्या ऊर्जेच्या मापात, कळते, आणि तो आकडा बहुतेक पेट्यांवर शोधून काढावा लागतो. परसापुरतं घेताना सगळ्यात लहान मॉडेल पुरतं. जे पैसे वाचतील ते अर्थिंगमध्ये, म्हणजे मशीन जमिनीला जोडणाऱ्या सळयांमध्ये, घाला.

कारण सगळी मेख अर्थिंगमध्ये आहे.

दुकानाचा फिटर आला, पोरगा चपळ होता. तासाभरात तारा ओढल्या, पॅनल धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, लावलं, आणि मशीनच्या हिरव्या वायरीला हातभर लांबीची सळई बांधून ती भिंतीच्या कडेला ठोकली. मी विचारलं, ‘एवढ्यात होईल?’ म्हणाला, ‘काका, सगळीकडे एवढीच लावतो.’ टेस्टर लावला तर दिवा लागला, सायरन वाजला, पोरगा पैसे घेऊन गेला. माझं आयुष्य मोटारींमध्ये गेलं आहे, मला ती सळई बघूनच राहवेना. पट्टा ढिला असला की गिरणीची मोटार गरगर फिरते पण पीठ पडत नाही, तसा हा प्रकार. मशीन टिकटिक करतं, दिवा लागतो, आणि जनावराला काहीच लागत नाही.

ठोका तारेतून जनावराच्या अंगात, अंगातून पायावाटे मातीत, मातीतून सळईत आणि सळईतून परत मशीनमध्ये असा फिरला तरच झटका बसतो. पावसाळ्यात माती ओली असते, कशीही सळई चालून जाते. आमच्या काळ्या मातीला फाल्गुनापासून भेगा पडायला लागतात, आणि वैशाखात तर त्या भेगेत खुरपं मावतं. अशा कोरड्या मातीतून वीज परत यायला वाटच मिळत नाही. फिटरनं सळई पावसाळ्यात ठोकली होती, पावसाळ्यापुरतीच.

मी सहा फुटी जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) सळया आणल्या, तीन. नाल्याच्या बाजूला, जिथे ओल टिकते तिथे, दहा-दहा फूट अंतर ठेवून ठोकल्या, भोवती कोळसा आणि मीठ घातलं, आणि तिन्ही एका तारेनं नटबोल्टनं आवळून जोडल्या. नुसतं पिळून बांधलं तर गंज चढतो. बाथरूमचं पाणी जातं ती चारी त्यांच्यावरून वळवली, म्हणजे उन्हाळ्यात वेगळं पाणी घालायला नको. घराच्या किंवा गिरणीच्या अर्थिंगला हे कधीही जोडू नका, त्यापासून तेहतीस फूट तरी लांब ठेवा, नाहीतर नळाला हात लावला की ठोका.

दुसरा बदल तारांमध्ये केला. फिटरनं तिन्ही तारांत वीज सोडली होती. मी मधली तार मशीनपासून सोडवून अर्थिंगला जोडली. खालची वीतभर उंचीवर, मधली दीड फुटावर, वरची अडीच फुटावर. आता जनावर तारांमधून घुसायला बघतं तेव्हा एक वीजेची आणि एक अर्थिंगची अशा दोन्ही तारा अंगाला लागतात आणि माती कोरडी असली तरी झटका बसतो. खान्देशात उन्हाळा काढायचा असेल तर याला पर्याय नाही. फिटरला हे माहीत नव्हतं असं मला वाटत नाही. त्याला पुढच्या गावाला जायचं होतं.

यानंतर एक युक्ती, जी खरं म्हणजे मशीनच्या कागदावर छापायला हवी. डुकराच्या पाठीला-कुशीला झटका बसला तर ते पुढे पळतं, म्हणजे तार तोडून थेट आपल्या वाफ्यात. झटका नाकाला बसला तर मागे पळतं. नाक ओलं असतं, तिथे लागतंही जास्त. म्हणून अॅल्युमिनियमच्या कागदाच्या पट्ट्या, पोळ्या गुंडाळायला वापरतात तोच कागद, खालच्या तारेवर दुमडून लावल्या आणि त्यांना दाण्याचा कूट आणि गूळ कालवून चोळला. अर्थात मशीन बंद करून. बायको म्हणाली, ‘आता डुकरांना लाडूसुद्धा आपणच वळायचे का?’

धाब्यावर झोपत होतो तेव्हा हे प्रत्यक्ष बघायला मिळालं. चांदणं होतं. नाल्यातून मोठी मादी वर आली, मागे पिल्लं. तारेपाशी येऊन थांबली, मुंडी खाली घालून कडेकडेनं हुंगत चालली आणि पहिल्या पट्टीला नाक लावलं. ठोका बसायला क्षणाचा उशीर लागला, कारण सेकंदाला एकच पडतो. ती नाक लावून उभी होती आणि मग अशी किंचाळली की खाली गोठ्यातली म्हैस उठली. जागच्या जागी गर्रकन फिरली, दोन पिल्लं पायाखाली आली, आणि सगळा गोतावळा नाल्यात. तिथून बराच वेळ फुरफुर ऐकू येत होती. नंतर नाल्याच्या ओल्या मातीत खुरांचे ठसे बघितले की दिसायचं, तारेपासून हातभर अलीकडे येऊन सगळे बाजूला वळलेले. शेंगा आम्ही काढल्या, आमच्याच घरात खाल्ल्या.

पावसाळ्यात मात्र हे मशीन सेवा मागतं. तारेला गवत टेकलं की वीज गळते, झटका मंदावतो आणि सायरन वाजतो. रात्री दोन वाजता बायकोचा आवाज: ‘उठा, तुमनं मशीन बोंबली राह्यनं.’ टॉर्च घेऊन जायचं आणि शोधायचं: कधी शेवग्याची फांदी तारेवर, कधी गिलक्याचा वेल, कधी नुसती ओली पालापाचोळ्याची काडी. तारेखाली हातभर रुंदीची मुरुमाची पट्टी टाकल्यापासून गवताची कटकट पुष्कळ कमी झाली. तणनाशक मारायचा सल्ला दुकानदारानं दिला होता, पण भाजीच्या कडेनं ते नको वाटलं.

या तारेची एक गोष्ट मला आवडत नाही. पावसाळ्यात बेडूक खालच्या तारेला चिकटून मरतात. बेडूक उडी मारून पळत नाही, तिथेच फुगून बसतो आणि ठोक्यावर ठोके खातो. म्हणून खालच्या तारेला वेगळा स्विच बसवला. भुईमूग-रताळी जमिनीत नसतील तेव्हा खालची तार बंद. मशीन बनवणाऱ्यांनी हा स्विच आतच द्यायला काय हरकत आहे?

आता वानरं.

शेजारच्या म्हाताऱ्या आप्पांनी तारा ओढत असतानाच सांगितलं होतं, ‘भो, वांदरसले तार काय करी? त्या वरतीन येतस.’ शंभर टक्के बरोबर. काळ्या तोंडाची लंगूर वानरं सकाळी उन्हं अंगावर आली की येतात: आधी अण्णांच्या पत्र्यावर धडधड, मग कडुनिंब, तिथून शेवगा, शेवग्यावरून थेट वाफ्यात. पंधरा फुटांची उडी त्यांना काहीच नाही. तारेला हात लागला तरी पाय जमिनीवर नसतात, मग झटका बसणार कसा? पक्षी विजेच्या तारेवर बसतो तेच कारण. एकदा एका दांडग्या नरानं वरची तार आणि लोखंडी अँगल एकदम धरला, त्याला बसला. तो अँगलवरून उठला आणि पेरूवर जाऊन बसला. एवढंच. बाकीची टोळी बघत होती, आणि माझी खात्री आहे की त्यांना कळलं, अँगल धरायचा नाही. त्यानंतर कुणी धरला नाही.

वानर खातं त्यापेक्षा फेकतं जास्त. शेवग्याची फुलं ओरबाडतं, वांग्याला एक चावा घेऊन टाकतं, दुसरं तोडतं, तेही टाकतं. हुसकावायला गेलं की बायकामाणसांना दात दाखवतं. यात आपलाही हातभार आहे. दर शनिवारी मारुतीच्या पारावर लोक त्यांना केळी आणि शेंगदाणे भरवतात. मीही शनिवारी मारुतीला तेल घालतो, रुईची माळ घालतो, पण वानराला हातातून केळं द्यायचं मी बंद केलं आहे आणि त्यावरून दोन घरांशी बोलणंही जरा कमी झालं आहे. ज्याला माणसाच्या हातातून खायची सवय लागली ते माणसाला भिणार कशाला?

वानरांवर एकच उपाय लागू पडला: पिंजरा. त्यांच्यासाठी नाही, भाजीसाठी. दहा बाय वीस फुटांचा, डोक्याला लागणार नाही एवढ्या उंचीचा जीआय पाइपचा सांगाडा गावातल्या वेल्डरकडून करून घेतला, वरून आणि चारी बाजूंनी लोखंडी चेनलिंक जाळी. खर्च जवळजवळ झटका मशीनएवढाच आला. आत वांगी, गवार, टोमॅटो, मेथी. बाहेर मिरची, लसूण, हळद, आलं आणि कारलं, ज्यांना वानर सहसा तोंड लावत नाही. शेवगा आणि पेरू त्यांना सोडून दिले आहेत. उंच फांद्यांवरच्या चार शेंगा उरतात त्या आमच्या. आधी स्वस्तात पडेल म्हणून नायलॉनची मासेमारीची जाळी टाकून बघितली होती. वानरानं ती एका दुपारीत फाडली, आणि उरलेल्या तुकड्यात एक धामण अशी गुंतली की कात्रीनं एकेक धागा कापून सोडवावी लागली. उंदीर खाणारी धामण गिरणीवाल्याला परसात हवीच असते. ते जाळं मी जाळून टाकलं.

सायाळीचं थोडक्यात. ती रात्री येते, खालून उकरते, रताळी खाते आणि पपईचं खोड कुरतडते. तिच्या काट्यांतून वीज जात नाही, त्यामुळे पाठ तारेला घासली तरी तिला पत्ता नाही. नाक किंवा पंजा लागला तरच पळते. म्हणून पिंजऱ्याच्या जाळीचा तळ फूटभर जमिनीत पुरला आणि बाहेरच्या बाजूला वाकवला. जाळीलगत उकरायला गेली की पायाखालीच जाळी लागते, आणि दोन पावलं मागे सरून उकरायची बुद्धी तिला अजून झालेली नाही. मोर येतात, मिरचीची रोपं टोचतात, जातात. राष्ट्रीय पक्षी आहे, टाळ्या वाजवण्यापलीकडे काही करायचं नाही. बिबट्यासाठी ही तार नाही, तसा गैरसमज करून घेऊ नका. कुत्रं आणि शेळ्या रात्री आत बंद करायच्या त्या करायच्याच.

आमच्या उन्हाळ्याबद्दल मशीनवाल्यांनी काही विचार केला आहे असं वाटत नाही. जळगावचा पारा पंचेचाळीसवर जातो हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, आणि फिटरनं बॅटरीची पेटी धाब्यावर पॅनलखालीच ठेवली होती. तिथे ती भाजून निघते, पाणी आटतं, आयुष्य निम्म्यावर येतं. मी ती खाली, जिन्याखालच्या सावलीत आणली. डिस्टिल्ड वॉटर उन्हाळ्यात वरचेवर बघावं लागतं. पॅनल मऊ ओल्या फडक्यानं सकाळी लवकर पुसायचं, तापलेल्या काचेवर गार पाणी ओतायचं नाही. माझ्याकडे त्यावर पीठ बसतं, गिरणीचं. दव पडलं की त्याची खळ होते आणि वाळली की नखानं काढावी लागते. ही अडचण फक्त माझी, तुमच्याकडे धूळ असेल.

ज्यांना शेतासाठी हवं आहे त्यांनी सरळ दुकानात जाण्याआधी वन विभागात चौकशी करावी. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत जंगलालगतच्या निवडलेल्या गावांतल्या शेतकऱ्यांना सौर कुंपणासाठी किमतीच्या ७५ टक्के किंवा १५ हजार रुपये, यातली कमी असेल ती रक्कम अनुदान म्हणून मिळते. सातबारा लागतो. परसाला ती लागू नाही, म्हणून मला फायदा झाला नाही. आणि पिवळे धोक्याचे फलक तारेवर लावाच, पोरं तारेपासून लांब राहतात.

दुकानाच्या सेवेबद्दल शेवटी, कारण घेणाऱ्याला ते लागतं. वळवाच्या पावसात जवळ वीज पडली आणि मशीनचं कार्ड, म्हणजे आतला सर्किट बोर्ड, गेलं. वॉरंटीत होतं, पण ‘आभाळातली वीज वॉरंटीत बसत नाही, काका’. कागद वाचला तर खरंच तसं लिहिलेलं, मागच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात. दुरुस्तीला आठवडा लागला, नऊशे रुपये घेतले, काम मात्र नीट केलं आणि जुना जळलेला कपॅसिटर पुडीत बांधून परत दिला. त्या आठवड्यात तारांत वीज नव्हती तरी डुकरं आत आली नाहीत. त्यांना नाकाची आठवण होती. तेव्हापासून आभाळ गडगडायला लागलं की मी मशीनपासून तारेची वायर काढून ठेवतो. बॅटरी बदलायची वेळ आली की जुनी दुकानातच परत द्या, वजनावर पैसे वळते करतात. पण वजन आपल्या समोर करायला सांगा; मला आधी अंदाजानं सांगितलेला आकडा काट्यावर ठेवल्यावर वाढला.